डॉक्टर नसलेल्या कुणाला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालंय का?

हो. ठळक उदाहरण सीटी स्कॅनचं. १९७९चं नोबेल गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना विभागून मिळालं. पहिले ईएमआय या ब्रिटिश कंपनीतले इंजिनिअर, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. क्ष-किरणांच्या मोजमापांवरून शरीराच्या आतलं चित्र उभं करायचं गणित कॉरमॅक यांनी १९६३-६४मध्येच छापलं होतं, पण तेव्हा त्याकडे फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. गंमत म्हणजे त्याचा पाया गणितज्ञ योहान राडॉन यांनी १९१७लाच घातला होता, आणि कॉरमॅक यांना त्याचा पत्ताच नव्हता! हाउन्सफील्ड यांनी वेगळ्या वाटेनं, संगणकाच्या जोरावर थेट यंत्रच बनवलं. पैसा काही अंशी ब्रिटिश आरोग्य खात्याचा, सोबतीला रेडिओलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोज. ऑक्टोबर १९७१मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं स्कॅन झालं.