पिकअपसाठी बाईकचं पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दात्यांऐवजी १३ चं टाकलं तर चालेल का? (सोलापूर)
चालेल, पण गाडी रोज कुठं फिरते ते आधी बघा. मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते धरले तर रेशो (मागचे दाते भागिले पुढचे) ३.०० वरून ३.२३ होतो, म्हणजे त्याच गिअरमध्ये ओढ सात-आठ टक्के जास्त. मागचं बदलून एवढाच फरक हवा तर तीन दाते वाढवावे लागतात. मी १३ चं टाकल्यावर तुळजापूरच्या घाटात डबलसीट असतानाही गाडी तिसऱ्यावर निवांत चढायला लागली. पण पुणे हायवेला ८० वर इंजिन जास्त फिरतं, अ‍ॅव्हरेज उतरतं. रोज त्याच हायवेनं मोहोळ-टेंभुर्णी करत असाल तर कृपा करून हात लावू नका. आणि जुन्या दात्यांची टोकं हुकासारखी वाकलेली दिसली तर चेनसकट पूर्ण सेटच बदला, नुसतं पुढचं नको.