विहिरीच्या पाण्यासाठी वाळू-कोळशाचा फिल्टर घरी बनवला तर चालेल का?

बनवा, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. वाळू गाळ अडवते, कोळसा वास ओढून घेतो. जुलाब-काविळीचे जंतू मात्र त्यातून आरामात खाली उतरतात.

तोटीची बादली घ्या. तळाला खडी, मग कोळसा, वर वीतभर बारीक वाळू. चुलीतला कोळसा नको, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (खास प्रक्रिया केलेला कोळसा) विकत मिळतो. वाळू निवळ पाणी निघेपर्यंत धुवायची, इथेच सगळे कंटाळा करतात. (मीही केला, आठवडाभर मातकट पाणी!) पावसाळ्यात आधी तुरटी फिरवा. आमच्याकडे सकाळी हंड्याच्या तळाशी बोटभर चॉकलेटी साका बसलेला असतो.

गाळलेलं पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, पण झाकूनच गार करा आणि ओगराळ्याने काढा.

बोअरचं पाणी असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची (क्षार काढणाऱ्या यंत्राची) सहसा गरज नसते, विक्रेता काहीही म्हणो. पण टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, हे लक्षात असू द्या.