शुद्धीकरणात हरवलेले एन्झाइम

प्रश्न : जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी.चे पहिले आठ महिने मी एकाच एन्झाइमच्या शुद्धीकरणात घालवले. पेशींच्या कच्च्या अर्कात सक्रियता भरपूर असते. आयन-एक्स्चेंज कॉलमनंतर (विद्युतभारानुसार प्रथिने वेगळी करणाऱ्या नळीतून नेल्यावर) मात्र ती जवळजवळ नाहीशी होते. बरोबरीचे विद्यार्थी तयार किट वापरून बरेच पुढे गेले आहेत. विषय बदलून मागावा का?

उत्तर : मागण्यास हरकत नाही, पण त्याआधी प्रयोगवहीतील आकडे एका तक्त्यात मांडावेत. प्रत्येक टप्प्यावरील एकूण प्रथिन, एकूण सक्रियता आणि दर मिलिग्रॅम प्रथिनामागील सक्रियता त्यात असावी. समजा, कच्च्या अर्कात ५०० मिलिग्रॅम प्रथिन व १००० युनिट सक्रियता होती आणि कॉलमनंतर २० मिलिग्रॅममध्ये ६०० युनिट उरली, तर शुद्धता १५ पट वाढली व ६० टक्के एन्झाइम हाती राहिले. ही उत्तम प्रगती होय. तुमच्याकडे एकूण सक्रियताच घसरते आहे, म्हणून कॉलमला न चिकटता वाहून गेलेला द्रवही तपासला आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळ विद्यार्थी तो फेकून देतात.

तेथेही सक्रियता नसेल, तर कॉलममधून वेगवेगळे निघालेले सर्व अंश पुन्हा एकत्र मिसळून मोजावेत. १९०६ साली आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी यीस्टच्या रसातील लहान रेणू गाळून वेगळे केले, तेव्हा दोन्हींपैकी कोणताही भाग एकट्याने साखर आंबवेना. दोन्ही एकत्र करताच आंबवण्याची क्रिया पुन्हा सुरू झाली. लहान रेणूंचा भाग उकळला तरी त्याचा गुण टिकत असे, यावरून सहएन्झाइमाची, म्हणजे एन्झाइमला कामात मदत करणाऱ्या लहान रेणूची, कल्पना रुजली. तुमच्या कॉलमनेही एखादा धातूचा आयन किंवा सहघटक बाजूला काढला असण्याची शक्यता आहे. मिसळूनही सक्रियता परतली नाही, तर एन्झाइम नष्ट होत आहे असे समजून थंड तापमान, प्रोटिएज-रोधके (प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना अडवणारी द्रव्ये) आणि बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच यांकडे वळावे. कॉलममधून न नेता तितकाच वेळ बर्फात ठेवलेला अर्क तुलनेसाठी मोजल्याशिवाय दोष कॉलमचा की वेळेचा, हे कळणार नाही.

किटबद्दल माझे मत थोडे कडक आहे. किट वापरण्यात कमीपणा नाही, पण ते बिघडले की बाटलीत काय होते हे ठाऊक नसलेला विद्यार्थी अडकतो. जेम्स समनर यांना युरिएज या एन्झाइमचे स्फटिक मिळवायला १९१७ ते १९२६ अशी नऊ वर्षे लागली, आणि एन्झाइम हे प्रथिन असते हे तेव्हाही अनेकांना पटले नव्हते. तुमच्याजवळ अर्थातच नऊ वर्षे नाहीत. म्हणून वरील तपासण्यांसाठी सहा आठवड्यांची मुदत ठरवून, कच्च्या अर्कावर होऊ शकेल असा एखादा छोटा प्रश्न समांतर सुरू ठेवावा आणि तक्ता घेऊन मार्गदर्शकांकडे जावे. विषय बदलायचा की केवळ कॉलम, हे त्या आकड्यांवरून दोघांनी मिळून ठरवणे सोपे जाईल.