घेर तेवढाच, ताकद मात्र वाढली!

प्रश्न : दोन महिन्यांपासून तालमीशेजारच्या जिमला जातोय. पहिल्यापेक्षा दीडपट वजन उचलतो, पण दंडाचा घेर टेपवर आहे तेवढाच. खुराक कमी पडतोय का? (वय १९, पलूस)

खुराकावर एवढ्यात खापर फोडू नका. पाठीच्या कण्यातून निघणारी एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू मिळून एक ‘मोटर युनिट’ होतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अशा एका पेशीकडे जेमतेम दहाएक तंतू असतात, पोटरीत हजारावर. भार हलका असेल तर लहान युनिट्सवर भागतं. भार वाढेल तशी मोठी कामाला लागतात. नवख्याला ही मोठी युनिट्स पुरती जागी करता येत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं ते मुख्यतः हेच. शिवाय उलट दिशेला ओढणारा स्नायू वेळेवर सैल सोडायलाही शरीर शिकतं. गंमत म्हणजे एकाच हाताला व्यायाम दिला, तरी बसून राहिलेल्या दुसऱ्या हाताची ताकद थोडी वाढते. तिथे तर खुराकाचा संबंधच नाही!

पुढे मात्र जाडी लागतेच. स्नायूच्या छेदाच्या दर चौरस सेंटीमीटरमागे साधारण २० ते ३० न्यूटन, म्हणजे दोन-तीन किलो वजनाइतका जोर मिळतो. टेपवर फरक दिसायला अजून दोन-तीन महिने द्या. तोवर प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्यांचे पैसे दूध-अंड्यांवर खर्च केलेले बरे.

प्रश्न : वडील मार्केट यार्डात हमाल, अंगानं किडकिडीत. पन्नास किलोचं पोतं सहज पाठीवर घेतात. मी ८० किलोचा, जिम करणारा, पण पोत्याखाली माझी दमछाक होते. असं का? (सांगली)

वडिलांचा सराव नेमका त्याच कामाचा आहे, तुमचा नाही. ज्या कोनात, ज्या वेगानं सराव कराल तिथेच ताकद जास्त मुरते. त्यांचं पोतं अंगाला चिकटून, कण्याच्या जवळ राहतं. तुमचं बहुधा लांब जातं आणि कंबरेवरचा ताण वाढतो.

हाडांची ठेवणही बघा. दंडातला बायसेप्स कोपरापासून साधारण चार सेंटीमीटरवर जोडलेला असतो आणि वजन तळहातात, पस्तीसेक सेंटीमीटरवर. म्हणून कोपर काटकोनात ठेवून दहा किलो धरायला स्नायूला नव्वद किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते. हीच जोडणी अर्धा सेंटीमीटर पुढे असलेल्याला तेवढ्याच स्नायूत बारा टक्के फायदा! हे जन्मतः मिळतं, घाम गाळून नाही.

आणि चण लहान असणं हा तोटा नव्हे. शरीर वाढतं तेव्हा वजन लांबीच्या घनानं वाढतं, स्नायूचा छेद मात्र वर्गानं. जोर छेदावर ठरतो, म्हणून लहान चणीला वजनाच्या मानानं ताकद जास्त. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, ते स्नॅच (एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) मिळून २४८ किलो उचलून. म्हणजे गटाच्या वजनाच्या साडेचारपट. अवजड गटातल्या मल्लाला हे प्रमाण गाठता येत नाही.

प्रश्न : वजनं उचलली तर माझे दंड पुरुषासारखे होतील, असं सासूबाई म्हणतात. (तासगाव)

नाही होणार, ताई. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, दहापटीहून अधिक असतं. सारख्याच जाडीचा स्नायू घेतला तर बाई आणि पुरुष यांच्या जोरात फारसा फरक नसतो. फरक आहे तो एकूण स्नायूंच्या आकाराचा, त्यातही कमरेच्या वरच्या भागात जास्त, पायांत कमी. बिनधास्त उचला.

प्रश्न : सासरे सत्तरीचे. रोज सकाळी आमराईत तासभर चालतात, तरी जेवून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. (सांगली)

चालण्यानं दम टिकतो, पण त्यात मुख्यतः सावकाश काम करणारे तंतू राबतात. वयानुसार आधी बारीक होतात ते झटक्यानं जोर लावणारे तंतू, आणि उठायला हवेत तेच. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नव्वदीच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. त्यामुळे उशीर झालेला नाही.

भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता झटकन उठायचं, बसताना मात्र सावकाश. आठ-दहा वेळा, एक दिवस आड. श्वास कोंडायचा नाही. जेवणात भाकरी-आमटीबरोबर उसळ, दही किंवा अंडं असू द्या. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एकाच बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा वाटला, तर ते वय समजून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.