वाचकांचे प्रश्न: सिटी बसमधली टिपणं

प्रश्न: विजयनगरहून भंवरकुआँला रोज सकाळी सिटी बसने जाते. वाटेत दिसलेलं टिपावंसं वाटतं, पण नंतर स्वतःचंच अक्षर लागत नाही. काय करावं? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: धावत्या बसमध्ये लिहूच नका. अक्षर बिघडतं, शिवाय नजर वहीत स्थिर आणि अंग हलतंय, यानं मळमळतं. सिग्नलला बस थांबली की तीनच शब्द खरडा: वस्तू, हालचाल, आवाज. ‘डबा, पदराखाली, खुळखुळ’ एवढ्यावरून रात्री अख्खं दृश्य उभं राहतं. ‘खूप गर्दी’वरून काहीच नाही. वाक्यं मात्र त्याच रात्री करा, नाहीतर दोन दिवसांचे तपशील एकमेकांत मिसळतात.

पुढच्या-मागच्या चाकांच्या मधली जागा धरा, मागे हिसके फार. फुटपाथ डाव्या खिडकीतून दिसतो, पण दक्षिणेकडे जाताना सकाळचं ऊनही तिकडूनच येतं. खरी मौज आतच आहे. उतरणारा माणूस थांब्याच्या बराच आधी पिशवी पुढे घेतो, दांडा धरलेला हात बदलतो, मग उठतो. हे जरूर बघा.

खिशात मावेल अशी पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल पुरे. मोबाइल नको, फोटो काढताय असं वाटून समोरचा सावध होतो.