दहा हजारांत जलपरीची शेपटी सुधारायची तर आधी काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की जलपरीची शेपटी घालून पोहायला शिकायला लागून तीन महिने झाले, शेपटी लायक्राची, म्हणजे ताणणाऱ्या कापडाची आहे, आत तिच्याबरोबर आलेली प्लॅस्टिकची मोनोफिन (दोन्ही पाय एकत्र घालायचं एकच रुंद वल्हं) आहे आणि दहा हजार रुपये साठलेत. मैत्रीण म्हणते, अजून थोडे साठव आणि सेकंडहँड सिलिकॉनचीच घे. मैत्रिणीचं ऐकू नका. मी नणंदेचं ऐकलं होतं.

आम्ही फ्लोरिडात, टँपाजवळ राहतो. तासाभरावर वीकी वाची स्प्रिंग्ज आहे. तिथे झऱ्याच्या पाण्यात 1947 पासून जलपऱ्यांचे खेळ होतात आणि प्रेक्षक पाण्याखाली काचेमागे बसून बघतात. नणंद अटलांटाहून आली की तिला तिथे न्यावंच लागतं. चार वर्षांपूर्वी असाच खेळ बघून घरी आलो, तर मागच्या अंगणात दोरीवर माझी शिवलेली शेपटी वाळत होती. म्हणाली, "वहिनी, हे अगदी शाळेच्या गॅदरिंगमधलं दिसतंय गं. एकदाच काय ती चांगली घे." आठवड्यात तिनेच सिलिकॉनची एक सेकंडहँड शोधून दिली. 700 डॉलर. शोध तिचा, पैसे माझे.

शेपटी दिसायला अप्रतिम होती, त्याबद्दल वाद नाही. पण वजन 17 किलो. ती अंगात चढवायला केसांचं कंडिशनर पाण्यात कालवून पायांना चोपडावं लागतं, तरी मला पंचवीस मिनिटं लागली, कारण आधीच्या मालकिणीची कंबर माझ्यापेक्षा दोन इंच बारीक. कॉलनीच्या पूलवर मी काठावर बसून ओढतेय, नणंद व्हिडिओ काढतेय, आणि शेजारची पोरं रांगेत बसून बघतायत. शेवटी घसरत पाण्यात गेले. खरं सांगते, पहिल्या दोन फेऱ्या स्वर्ग! पाण्यात त्या वजनाचा पत्ताही लागत नाही. तिसऱ्या फेरीला पोटरीत असा गोळा आला की काठ धरून ओरडले. आतली फिन अनुभवी माणसाची होती, लांब आणि ताठ. माझ्या घोट्यात तेवढा जोर नव्हता.

आणि मग बाहेर कसं यायचं? शिडी चढायला पाय हवेत, ते तर एकत्र बांधलेले. नवरा आणि शेजारचे एक आजोबा, दोघांनी मला काखेत धरून वर ओढलं. ओढताना शेपटी काठावर घासली आणि कंबरेपाशी फाटली. सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही, म्हणजे दुरुस्तीचं सामानही वेगळं घ्या. पुढच्या आठवड्यात पूलवर पाटी लागली: शेपटी घालून पोहण्यास मनाई. शेवटी 300 डॉलरला विकली. घरात कुणाचं लग्न असो की बारसं, नणंद आजही सांगते, "शेपटी छान होती, वहिनीलाच नीट पोहता येत नव्हतं." मी सांगलीकडची. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आप्पांनी मला विहिरीत ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची होते. ही शिकली पुण्यात, क्लास लावून, कंबरभर पाण्यात.

तर तुमचा प्रश्न. पैसे आतल्या फिनवर घाला, वरच्या कातडीवर नाही. शेपटीबरोबर येणारी स्वस्त फिन पुठ्ठ्यासारखी सगळीकडून सारखीच वाकते, पाणी मागे ढकलतच नाही. चांगली फिन पायाजवळ ताठ असते आणि टोकाकडे लवत जाते. दुकानात हातानं वाकवून बघा, लगेच कळतं. मोज्यासकट पाय आत घालून मापा. निओप्रीनचे (जाड रबरी कापडाचे) मोजे घेतलेत तर फोड येत नाहीत. आणि जिच्यातून पाय झटक्यात सुटत नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

कापड घरी सुधारता येतं. सैल शेपटीत पाणी भरतं आणि पोतं ओढल्यासारखं होतं, म्हणून बाजूची शिवण आत घ्या. झिगझॅग टाका, पॉलिएस्टरचा दोरा. सरळ शिवण ताणली की तटातट तुटते. शेपटी सगळ्यात आधी फाटते ती फिनच्या दोन टोकांवर, तळाला घासून. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुमडून, शिवून त्या टोकांना आतून टोप्या घातल्यात. अजून टिकून आहेत. खवले हवे असतील तर कांद्याच्या पोत्याची जाळी वरून ताणायची आणि कापडाचा रंग स्पंजनं टिपायचा. पण शेपटी अंगावर किंवा कशावर तरी ताणलेली असतानाच, नाहीतर घातल्यावर रंगाला भेगा पडतात. टिकल्या लावू नका, मांड्या सोलवटतात. क्लोरीन लायक्रा खातं, म्हणून बाहेर आलात की लगेच गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. मशीनला अजिबात नाही.

घरची म्हणजे गॅदरिंगची, असं म्हणणाऱ्यांसाठी: ॲनेट केलरमन ही ऑस्ट्रेलियाची जलतरणपटू शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या शेपट्या स्वतः बनवायची. लहानपणी तिच्या पायांना आधाराच्या पट्ट्या होत्या, पोहायला लागली तीच पाय सुधारावेत म्हणून. नणंदेला हे मी दोनदा सांगितलंय.

आता, सिलिकॉन वाईट असं माझं म्हणणं नाही. दोन वर्षं पोहून झाली असतील, उचलायला माणसं असतील आणि स्वतःच्या मापाची करून घ्यायला पैसे असतील, तर जरूर घ्या. आणि हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं: एकट्यानं कधीच उतरू नका, अगदी गळ्याएवढ्या पाण्यातही नाही. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेऊ नका. त्यानं प्राणवायू वाढत नाही, फक्त श्वास घ्यायची आठवण उशिरा होते, आणि तोवर शुद्ध हरपते. वीकी वाचीच्या पोरी इतका वेळ खाली राहतात त्या हवेच्या नळीतून श्वास घेत. नणंद तेव्हाही व्हिडिओच काढत होती, नळी तिला दिसली नसावी.

तुमच्या पायाचं माप सेंटिमीटरमध्ये कळवा, आणि तुमच्या पूलवर शेपटी चालते का तेही आधी विचारून घ्या.