पान ११२ वर अडकलेल्या ताई

"पूर्वी पुस्तक हातात घेतलं की खाली ठेववत नव्हतं, आता दहा पानं होत नाहीत, काय झालंय मला?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. आणि गंमत म्हणजे मुद्दाम यासाठी असं सहसा कुणी येतच नाही. लोक येतात झोप लागत नाही म्हणून, घरात पटत नाही म्हणून, ऑफिसच्या टेन्शनपायी, आणि मग वेळ संपत आली की पर्स उचलता उचलता हे सांगतात, तेही थोडं ओशाळून, कारण हा काही 'खरा प्रॉब्लेम' नाही असं त्यांना वाटत असतं. या ताई मात्र फक्त याचसाठी आल्या होत्या. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

वय ४४. निदान स्वतःच करून आलेल्या, मोबाइलने डोकं बिघडलंय आणि अंगात शिस्त नाही. उपायही सगळे करून झालेले, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला, पहाटेचा अलार्म लावला, वाचन ग्रुप जॉइन केला, रोज वीस पानांचं चॅलेंज घेतलं. एवढं सगळं शिस्त नसलेला माणूस करतो का हो?

आधी मी नेहमीची चौकशी केली आणि ती मी कधीच टाळत नाही. झोप, भूक, आणि बाकीच्या गोष्टींत मन लागतं का. गाणी ऐकावीशी वाटतात का, मैत्रिणीचा फोन आला की बरं वाटतं की 'नको आत्ता' होतं? कारण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, कशातच रस वाटत नसेल तर ते डिप्रेशनचं एक मुख्य लक्षण असतं, मग पुस्तकाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आधी डॉक्टरांना दाखवायला हवं. ताईंचं तसं नव्हतं. नाटक, फिरणं, गप्पा सगळं मजेत चालू होतं, गाडी अडली होती फक्त पुस्तकापाशी.

दुसरा प्रश्न, चाळिशी लागलीय का? त्या हसल्या, "छे हो, अजून नाही," आणि हे म्हणताना सोबत आणलेलं पुस्तक हात लांब करून धरलेलं! चष्म्याचा नंबर निघाला आणि पंधरा मिनिटांत जे डोकं जड व्हायचं ते थांबलं. हसू नका, या वयात अक्षरं नीट दिसेनाशी होतात आणि आपण बसतो एकाग्रतेला शिव्या घालत.

पण मजा काही परत आली नाही.

मग मी त्यांना माझ्यासमोरच दोन पानं मनातल्या मनात वाचायला सांगितली आणि हातात पेन्सिल दिली, मन जिथे सटकेल तिथे समासात एक टिंब काढायचं, बस. चांगली डझनभर टिंबं पडली. मग एकेका टिंबावर बोट ठेवून विचारलं, इथे काय आलं होतं मनात? मला वाटलं मोबाइल येईल, घरची कामं येतील. ऑफिसचं एक काम आलं फक्त. बाकी सगळी टिंबं पुस्तकाचीच होती. "हे प्रकरण किती पानांचं आहे ते बघितलं." "ग्रुपवर याच्याबद्दल काय लिहू?" "सगळ्यांना आवडलंय, मलाच का आवडत नाहीये?" "या स्पीडने कधी संपणार." म्हणजे लक्ष पुस्तकातून बाहेर गेलंच नव्हतं, ते पुस्तकाच्या हिशेबात गेलं होतं.

हिशेब कुठून आला तर एका ॲपवरून. काही वर्षांपूर्वी वर्षाचं टार्गेट लावलं, ४० पुस्तकं, ती झाली, सगळ्यांनी वा वा केलं, पुढच्या वर्षी ५२. मग पुस्तक घेताना आधी पानं बघायची सवय लागली, पातळ असेल तर आधी ते, ऑडिओबुक दुप्पट स्पीडने ऐकायचं, आणि टार्गेट हुकायला लागलं की ॲप म्हणणार तुम्ही इतकी पुस्तकं मागे आहात. आवडीच्या गोष्टीत कुणी मागे कसं असतं, हे मला खरंच कळत नाही.

१९७३ सालचा एक गाजलेला प्रयोग मी त्यांना सांगितला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी नर्सरीतल्या अशा मुलांना घेतलं ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात बघितलं तर आधी सांगून बक्षीस दिलेली मुलं स्केचपेनकडे बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. यावर नंतर अभ्यासकांत भरपूर वाद झाले, बक्षीस नेहमीच वाईट असं कुणी म्हणू नये, पण ताई ऐकता ऐकता गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी माझंच सर्टिफिकेट केलं."

आता पान ११२. एक जाडजूड, खूप नावाजलेली कादंबरी, तिच्या ११२ व्या पानावर खूण घालून कित्येक महिने पडलेली, आणि ताईंचा नियम असा की हातातलं संपल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. म्हणजे ते एक पुस्तक दारात आडवं ठेवलेल्या कपाटासारखं झालं होतं, आत जाता येईना की बाहेर. मी म्हटलं ठेवून द्या कपाटात. "अहो, पण अर्धं वाचलंय, पैसे घातलेत!" पैसे तर गेलेच होते, आता संध्याकाळीही जात होत्या. बऱ्याच वादावादीनंतर ठेवलं, टार्गेट काढलं, आणि ग्रुपवर काही दिवस काहीच लिहायचं नाही असं ठरलं.

पुढच्या भेटीला आल्या त्या चिडूनच. "काहीच वाचलं नाही. मोजायचं नाही म्हटल्यावर वाचायचं कशाला असंच झालं." हे होतं बरं का, बऱ्याच जणांचं होतं, हिशेब काढला म्हणून मजा लगेच परत येत नाही, मध्ये एक रिकामी जागा राहते आणि ती फार टोचते. मी त्यांना विचारलं की अगदी लहानपणी तुम्ही पुस्तक कसं वाचायचात? काय वाचायचात नाही, कसं? जरा आढेवेढे घेऊन म्हणाल्या, "शेवट आधी." रहस्यकथा असली तरी आधी शेवटचं प्रकरण वाचायचं, खुनी कोण ते बघायचं आणि मग निवांत पहिल्या पानापासून सुरू. ग्रुपमध्ये एकदा हे बोलून गेल्या तर सगळे हसले, म्हणून सोडून दिलं.

मी म्हटलं करा परत. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, तर शेवट माहीत असलेल्यांना त्या सरासरी जास्तच आवडल्या. नंतरच्या अभ्यासांत उलटेही निकाल आलेत, पण ताईंना परवानगीच हवी होती आणि ती मिळाली. घरी जाऊन त्यांनी जुनी रहस्यकथा काढली, शेवट वाचला, आणि मग तीच पूर्ण वाचली, सावकाश. सावकाशीचंही त्यांना टेन्शन होतं, "मी स्लो झालेय का?" म्हणून. व्हिक्टर नेल या मानसशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये दाखवलंय की मजेसाठी वाचणारी माणसं त्यांना सगळ्यात आवडलेली पानं जास्त हळू वाचतात.

आता वाचतात त्या. काही आठवडे काहीच नाही, मग एकदम तीन रात्री जागून. ई-बुक रीडरवर खाली किती टक्के झालं ते दिसायचं, ते त्यांनी बंद करून टाकलं, तरी अधूनमधून बोट तिकडे जातंच म्हणतात.

मग टार्गेट ठेवायचंच नाही का, असं विचारतात लोक. ज्यांना मजा येते त्यांनी जरूर ठेवा, कित्येकांना त्याने सुरुवात करायला मदतच होते. फक्त पुस्तक संपल्यावर मनात पहिलं काय येतं ते बघा, "अरे, संपलं!" की "चला, एक झालं." दुसरं येत असेल तर काही महिने आकडा बाजूला ठेवा, आवडीचं जुनं काहीतरी काढा आणि वाटलं तर मधूनच सुरू करा, नाही तर शेवटापासून.